थोरला भाऊ दाराबाहेर का थांबला?

संत लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उपवासकाळात तो वाचला जातो, पापनिवेदनाच्या तयारीच्या वेळी तो सांगितला जातो, आणि दर वेळी आपले लक्ष धाकट्या मुलाकडे जाते. तो कुठे गेला, त्याने पैसा कसा उडवला, डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर कशी आली आणि बापाने त्याला धावत जाऊन कशी मिठी मारली, हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. थोरल्या भावाची पाळी येईपर्यंत प्रवचन संपत आलेले असते. त्याच्याविषयी आपण एवढेच म्हणतो, की त्याला धाकट्याचा हेवा वाटला.

पण प्रभू येशूने थोरल्या भावाविषयी एक बारीकशी गोष्ट सांगितली आहे (लूक 15:25-26). तो शेतावरून घरी येत होता. घराजवळ येताच त्याच्या कानांवर वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज पडला. तो सरळ आत गेला नाही. त्याने एका चाकराला बोलावून विचारले, की हे काय चालले आहे? धाकटा भाऊ परत आला आहे हे त्याला अजून ठाऊकही नव्हते. राग नंतर आला. आधी तो थबकला तो गाण्याच्या आवाजाने. स्वतःच्या घरात कशासाठी वाजवत-गात आहेत, हे त्याला नोकराला विचारावे लागले!

हा थोरला भाऊ वाईट माणूस नव्हता. तो कष्टाळू होता, आज्ञाधारक होता, घर धरून राहिला होता. आपल्या धर्मग्रामात असे कितीतरी चांगले बाप आहेत आणि अशा कितीतरी चांगल्या आयाही आहेत. म्हणूनच त्याचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे. घरासाठी राबणे हे आपले कर्तव्य आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण घराच्या आनंदात सामील होणे हेसुद्धा कर्तव्य आहे काय? की सगळी कामे आटोपल्यावर वेळ उरलाच तर करायची ती हौस आहे? आज आपण हा प्रश्न गाण्याच्या निमित्ताने स्वतःला विचारू या. गाण्याला पैसे पडत नाहीत, जागा लागत नाही, आणि ते घरातल्या लहानापासून थोरापर्यंत सर्वांना घेता येते. एवढा सोपा आनंदही जर आपल्याला एकत्र घेता येत नसेल, तर कुठे तरी काही तरी अडले आहे असे समजावे.

एका घरात चार गाणी

आज आपल्या घरांत गाणी कमी झाली आहेत असे मुळीच नाही. उलट इतकी गाणी आपल्या वाडवडिलांनी कधी ऐकली नसतील. विरार लोकलमध्ये नजर फिरवून बघा. उभे राहायला धड जागा नसते, पण निम्म्या लोकांच्या कानांत इअरफोन असतात. नवरा चर्चगेटपर्यंत जुनी गाणी ऐकत जातो, आणि येताना तीच ऐकत येतो. इकडे स्वयंपाकघरात बायको मोबाईलवर भक्तिगीते लावून भाकऱ्या थापते. मुलगी आपल्या खोलीत दार लोटून तिची गाणी ऐकते. आजी खाटेवर बसून कधी काळी मांडवात म्हटलेले लग्नगीत पुटपुटते, ते कोणालाच ऐकू जात नाही. घर एक, माणसे चार आणि गाणीही चार. भांडण नाही, तंटा नाही. पण कोणाचे गाणे कोणाला ठाऊक नाही.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. 1952 पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागू लागली, तेव्हा बुधवारी रात्री ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या ओटीवर शेजारीपाजारी जमायचे. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची छप्पन्न गीते आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तेव्हा घरेच्या घरे एका रेडिओभोवती बसत होती. रेडिओ एकच असल्यामुळे ऐकायचे तर सर्वांनी मिळून, नाही तर कोणीच नाही. 1979 साली वॉकमन बाजारात आला आणि चालता-फिरता एकट्याने गाणे ऐकण्याची सोय झाली. मोबाईलने ती सोय प्रत्येकाच्या खिशात नेऊन ठेवली.

तरीही जुने ते सारे सोने होते असे आपण मानू नये. त्या एका रेडिओचे बटण बहुतेक घरांत बापाच्या हाती असायचे. आईला काय ऐकायचे आहे, हे तिला कोणी विचारत नसे. त्याही आधी पहाटे जात्यावर बसून आपल्या महाराष्ट्रातल्या बाया ओव्या म्हणत. अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत माहेरची आठवण आहे, भावाची ओढ आहे, सासरचा जाच आहे, लेकीची काळजी आहे. पोटातले दुःख ती बाई जात्याला सांगत होती, आणि पलीकडच्या खोलीत नवरा झोपलेला होता. ओव्या होत्या, पण ज्याने ऐकायला हव्या होत्या तो जागा नव्हता.

तेव्हा दोष एकट्या मोबाईलचा नाही. घरात किती गाणी वाजतात हे मोजण्यात अर्थ नाही. आपल्या माणसाचे गाणे आपण ऐकतो का, हे विचारण्यात अर्थ आहे.

हे संसारी सुख देवाला चालते का?

आपल्यातल्या काही भाविकांच्या मनात एक शंका असते. चर्चमधली गीते ठीक आहेत, पण सिनेमाची, प्रेमाची, नाचाची गाणी घरात कशाला? तेवढ्या वेळात एखादी रोझरी म्हणून होईल. ही शंका थट्टेवारी नेण्यासारखी नाही. खुद्द संत ऑगस्टीनला तिने छळले होते. आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात त्याने हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. चर्चमधले गायन ऐकताना शब्दांपेक्षा चालीनेच आपले मन जास्त हलते, असे त्याच्या ध्यानात आले. त्याला ते पाप वाटू लागले. चर्चमधून गोड चाली काढूनच टाकाव्यात, असेही त्याला कधी कधी वाटे. पण मग त्याला आठवले, की श्रद्धेच्या सुरुवातीच्या दिवसांत याच गायनाने आपल्या डोळ्यांतून पाणी काढले होते. अखेर त्याने गायनाच्या बाजूने कौल दिला, मात्र मनातली सावधगिरी सोडली नाही.

त्यानंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. शरीर दमते तसे मनही दमते, आणि मनाला विसावा आनंदात मिळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून मर्यादेत राहून घेतलेली करमणूक हा सद्गुणाचा भाग ठरतो. पुढे जाऊन ते असेही म्हणतात, की जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदावरही विरजण घालतो, तो लोकांना ओझे होतो, आणि हाही एक दोषच आहे. अतिरेकी चैनीपेक्षा हा दोष लहान, हे ते मान्य करतात. पण दोष म्हणून त्याची नोंद करायला विसरत नाहीत. आपण पापनिवेदनाला जाताना रागावलो, खोटे बोललो, मिस्सा चुकवली हे आठवतो. आपल्या आंबट चेहऱ्याने घरातले गाणे बंद पाडले, हे किती जणांना आठवते?

अलीकडे पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबाविषयी लिहिलेल्या 'आमोरिस लेतीत्सिया' या पत्रात विवाहातला आनंद जोपासावा लागतो, तो आपोआप टिकत नाही, हे आवर्जून सांगितले. केळीची बाग राखणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी दिले नाही, तर बाग कोणाशी न भांडताच सुकते.

संत पौलाच्या एका अध्यायात

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय आपल्याकडे लग्नाच्या मिस्सात बहुधा वाचला जातो. पतींनी पत्नींवर प्रीती करावी, जशी ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर केली, हा भाग सर्वांच्या ओळखीचा आहे. पण तो भाग सुरू होण्याआधी, एकोणिसाव्या वचनात, संत पौल काय सांगतो? स्तोत्रे आणि गीते यांनी एकमेकांशी बोला आणि प्रभूसाठी अंतःकरणात गा. लगेच पुढे आभार मानण्याविषयी येते, त्यानंतर एकमेकांच्या अधीन होण्याविषयी, आणि मग पती-पत्नींविषयी. आधी गाणे, मग कृतज्ञता, मग एकमेकांपुढे नमणे आणि मग संसार, असा हा क्रम आहे.

एकत्र गाणाऱ्यांना या क्रमाचे नवल वाटणार नाही. आपल्या गायकमंडळात बसून पाहा. ज्याचा आवाज मोठा आहे त्याला तो आवरावा लागतो. जो पुढे धावतो त्याला थांबावे लागते. शेजारच्याचा सूर कानावर घेतल्याशिवाय आपला सूर लागत नाही. एकमेकांच्या अधीन होणे म्हणजे काय, हे गाण्यात शब्दांवाचून कळते. आणि कोणी लहान होत नाही. दोघांचे मिळून गाणे होते.

ऐकण्याचेही तसेच आहे. जेवण घाईत उरकता येते, बोलणे घाईत उरकता येते, मिस्सासुद्धा आपण घड्याळाकडे पाहत उरकतो. पाच मिनिटांचे गाणे मात्र ऐकायला पाच मिनिटेच लागतात. ते कमी करता येत नाही. म्हणून बायकोच्या आवडीचे गाणे तिच्याजवळ बसून शेवटपर्यंत ऐकणे म्हणजे आपल्या आयुष्यातली पाच मिनिटे तिला देणे. त्यात उपदेश नाही, हिशेब नाही, कर्जाच्या हप्त्याचा विषय नाही. ती कोणत्या ओळीला डोळे मिटते, कोणत्या ओळीला हसते, हे त्या पाच मिनिटांत कळते. वीस वर्षे एका ताटात जेवून जे कळले नसेल, ते कधी कधी एका गाण्यात कळते.

आता दोघांची आवड एकच असेल असे नाही. एकाला नाट्यगीते आवडतात, दुसऱ्याला नाचाची गाणी. मुलांची गाणी तर आपल्याला नुसता गोंगाट वाटतात. इथेच खरी परीक्षा आहे. आपल्याला आवडते ते दुसऱ्याबरोबर ऐकणे सोपे असते. दुसऱ्याला आवडते म्हणून ऐकणे, 'हे काय गाणे आहे?' असे न म्हणता 'यात तुला काय आवडते, सांग बघू' असे विचारणे, यात प्रीती आहे. मुलगा आज आपल्याला त्याचे गाणे ऐकवायला तयार असेल, तर उद्या त्याची अडचणही सांगायला तयार होईल. गाण्याची थट्टा झाली, की तो दार लोटून घेतो.

अर्धे राहिलेले गीत

गीत आणि संसार यांचा एक धडा आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पती-पत्नींची ताटातूट झाली. ती वर्षे कशी गेली, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हसतहसत आणि रडतरडत सांगितले आहे. पुढे दोघे एकत्र आले, आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंनीही आपल्या मनाने प्रभूचा स्वीकार केला. टिळक बंधू प्रोटेस्टंट पंथाचे, पण त्यांची गीते आपणही प्रेमाने गातो. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. 1919 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबलेले होते. फारशी शाळा न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचा मोठा भाग स्वतः रचून ते पुरे केले.

ज्या माणसाबरोबर एके काळी आपले सूर जुळत नव्हते, त्याचे अपुरे गीत हाती घेऊन पुढे न्यायचे, याहून मोठी साक्ष कोणती द्यायची? आपल्यापैकी कोणी ख्रिस्तायन लिहिणार नाही. पण विधवा झालेली कितीतरी बहीण संध्याकाळी त्याच्या आवडीचे भजन धरते, आणि एखादा विधुर भाऊ मिस्सात तिच्या आवडीचे गीत लागले की खालमानेने, पण मोठ्याने गातो. तेही अपुरे गीत पुढे नेणेच आहे.

याच ठिकाणी एका जुन्या रूढीविषयी बोलायला हवे. घरात कोणी गेले, की वर्षभर रेडिओ लावायचा नाही, गाणे म्हणायचे नाही, असा दुखवटा काही घरांत पाळला जातो. विधवेने तर पुढे कधी गुणगुणूही नये, अशी नजर असते. दुःखी माणसाला गाण्याची सक्ती करू नये, हे खरे. बाबेलच्या नद्यांकाठी ज्यांनी वीणा झाडाला टांगून ठेवल्या, त्यांचे दुःख स्तोत्रसंहितेत जपून ठेवले आहे (स्तोत्र 137). पण दुःखी माणसाला गाण्याची बंदी तरी आपण कोणत्या अधिकाराने करायची? संत मोनिका 387 साली ओस्तिया येथे मरण पावली. नातू रडू लागला, त्याला शांत करण्यात आले. मग एवोदियस नावाच्या मित्राने स्तोत्रांचे पुस्तक हाती घेऊन एकशेएकावे स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, आणि सारे घर त्याला प्रतिसाद देत गाऊ लागले. मृत्यूच्या घरात, मृतदेह अजून तिथेच असताना, कुटुंबाने गायिलेले ते गीत संत ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवले आहे. आनंदाशिवायही गाता येते. मात्र एकट्याला ते जड जाते, कोणी तरी सुरुवात करावी लागते आणि घराने साथ द्यावी लागते.

गाण्याने जे होत नाही

गाण्याची थोरवी सांगताना आपण भाबडेही होऊ नये. शौल राजाला दुष्ट आत्म्याने ग्रासले, की दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरे वाटे. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण दोनच अध्याय पुढे (1 शमुवेल 18) दावीद तशीच वीणा वाजवत असताना त्याच शौलाने त्याच्यावर भाला फेकला, ही गोष्ट आपण सांगत नाही. संगीत मन शांत करते, मनातला मत्सर उपटून काढत नाही. ज्या घरात नवरा दारू पिऊन हात उगारतो, त्या घरातल्या बहिणीला 'एकत्र गाणी म्हणा, सारे ठीक होईल' असे सांगणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. तिला आधी सुरक्षितता हवी, आपली मदत हवी. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून परमेश्वराने गीतांचा गोंगाट दूर करायला सांगितले आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्यायला सांगितले (आमोस 5:23-24). अन्याय झाकण्यासाठी गायिलेले गीत देवालाही नकोसे होते. म्हणून घरात गाणे हवे असेल, तर भीती आधी घराबाहेर जायला हवी.

आपले गाणे शेजाऱ्याच्या घरात शिरते, हेही विसरू नये. आपल्या वसईत लग्नघर म्हटले की बँड आला, आणि आता डीजेही आला. हळदीच्या रात्री बायका-माणसे नाचतात, हे आपले वैभव आहे. पण पलीकडच्या घरात दहावीचा विद्यार्थी आहे, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, असा 2000 सालापासून देशभर नियम आहे. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादाही त्यात दिली आहे. पोलीस येतात का, हे पाहून तो पाळायचा, की शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा आहे म्हणून पाळायचा, हे आपण ठरवायचे. संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण 22 नोव्हेंबरला येतो. परंपरा सांगते, की तिच्या लग्नात वाद्ये वाजत होती आणि ती मात्र मनातल्या मनात प्रभूला गात होती. ख्रिस्तसभेने संगीताचे नाव जिच्याशी जोडले, तिचे गाणे त्या मांडवात कोणाला ऐकूही गेले नव्हते.

'आमचा आवाज चांगला नाही'

घरात गा म्हटले, की पहिली सबब हीच असते. चर्चमध्येही आपण गीताचे पुस्तक हातात धरून उभे राहतो आणि गाण्याचे काम गायकमंडळावर सोपवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीचा जाहीरनामा काढला. लोकांनी मुके प्रेक्षक होऊन न बसता उपासनेत भाग घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतरच आपल्याला लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा म्हणता-गाता येऊ लागली. आपल्या आजी-आजोबांना जे मिळाले नव्हते, ते आपल्याला मिळाले. आणि आपण तोंड मिटून उभे आहोत!

ही लाज टीव्हीवरच्या स्पर्धांनी आणखी वाढवली आहे. तिथे सहा-सात वर्षांच्या लेकराला गुण देतात, बाद करतात, आणि आई-बाप प्रेक्षकांत बसून रडतात. त्यातून मुले एकच शिकतात, की गाणे हे जिंकण्यासाठी असते. आईच्या पोटातले बाळ सहाव्या-सातव्या महिन्यापासून आईचा आवाज ऐकू लागते. त्या आवाजाला कोणी गुण देत नाही. अंगाई म्हणणाऱ्या आईने कधी तंबोरा जुळवला आहे? मूल झोपते ते आई जवळ आहे म्हणून. घरातल्या गाण्याचे खरे काम हेच आहे. 'मी इथे आहे, तुमच्यात आहे' एवढे सांगायला बेसूर आवाजही पुरतो.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघी धर्मगुरूंनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' रचले, ते 1616 साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही आपल्या मराठीत! नुसत्या प्रश्नोत्तरांच्या धर्मशिक्षणाने नव्या ख्रिस्ती लोकांची तहान भागत नव्हती. त्यांना मोठ्याने म्हणता येईल, ऐकता येईल असे काही हवे होते. श्रद्धा आपल्या मातीत रुजली त्यात उपदेशाचा वाटा आहे, तसा ओवीचाही आहे.

मग आपण काय करावे? मोठे संकल्प नकोत. रोझरी झाल्यावर एक गीत म्हणावे, ज्याला येईल तसे. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाच्या मिस्सातले एखादे गीत जेवणाच्या ताटावर गुणगुणून बघावे. प्रभू येशूनेही शेवटच्या भोजनानंतर शिष्यांबरोबर स्तोत्र म्हटले, आणि मगच ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले (मत्तय 26:30). उद्या काय होणार, हे ठाऊक असतानाही त्याने ते टाळले नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातल्या एकेकाच्या आवडीच्या गाण्याला द्यावी. त्या दिवशी इतरांनी नाक मुरडू नये. आजीला तिच्या लग्नातले गीत म्हणायला सांगावे आणि नातीने ते मोबाईलवर उतरवून घ्यावे. आजीबरोबर ती गाणीही चालली आहेत. आणि नवरा-बायकोंनी एकमेकांना एकदा तरी विचारावे, 'लग्नाआधी तुला कोणते गाणे आवडायचे?' उत्तर ठाऊक असेल असे आपल्याला वाटते. बहुधा ते ठाऊक नसते.

बाप बाहेर आला

आता पुन्हा त्या दाखल्याकडे वळू. थोरला भाऊ रागाने बाहेरच उभा राहिला. तेव्हा बापाने काय केले? आतून आवाज दिला नाही, चाकराकरवी निरोप धाडला नाही. पाहुणे, पंगत, वाद्ये सारे सोडून तो स्वतः बाहेर आला आणि मुलाची विनवणी करू लागला. 'आमच्या आनंदात यायचे तर ये, नाही तर राहा बाहेर' असे तो म्हणाला नाही.

यात दोघांनाही काही सांगितले आहे. दाराबाहेर उभे राहणाऱ्याने ओळखावे, की 'मी तुमच्यासाठी एवढा राबतो' हे वाक्य कितीही खरे असले तरी त्याने घरात शिरता येत नाही. त्यासाठी उंबरठा ओलांडावा लागतो. पगार घरात आला म्हणजे माणूस घरात आला असे होत नाही. आणि आत गाणाऱ्याने ओळखावे, की बाहेर उभा असलेला माणूस दमलेला आहे, दुखावलेला आहे. त्याच्याशिवाय गाणे चालू ठेवणे सोपे आहे. गाणे अर्धे सोडून त्याला आणायला जाणे कठीण आहे.

थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितले नाही. बाप अंगणात उभा आहे, मुलगा खाली मान घालून उभा आहे, आणि आतून वाद्यांचा आवाज येतो आहे, तिथेच दाखला संपतो. पुढचे आपल्या घरी घडायचे आहे. आज मिस्सानंतर आपण घरी जाऊ, रविवारचे जेवण होईल, आणि प्रत्येक जण आपापला मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात बसेल. त्या वेळी कोणी तरी उठावे, दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसावे, आणि म्हणावे, 'काय ऐकतोस? मलाही ऐकव.'